वेळेआधी घसरणारा क्लच: आधी कारण, मग नवी प्लेट

क्लच प्लेट, म्हणजे इंजिनचा जोर घर्षणाने गिअरबॉक्सकडे नेणारी तबकडी, ही झिजणारीच वस्तू आहे. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीचा क्लच घसरू लागला, म्हणजे इंजिनचा जोर पूर्णपणे पुढे न देता निसटू लागला, तर प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारे रिलीज बेअरिंग एकत्र बदलून मोकळे व्हावे, त्यात शोधण्यासारखे फारसे काही उरत नाही. तोच क्लच 20-25 हजार किलोमीटरांतच घसरू लागला, तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी कारण शोधलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण जागेवरच राहिले तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते आणि गिअरबॉक्स उतरवण्याची सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

पहिला प्रश्न असा की, क्लच खरोखरच घसरतो आहे का? गाडीला ओढ नाही, चढावर दम लागतो, एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. टर्बोच्या नळीतून हवा गळत असेल, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा ब्रेक चिकटत असतील, तरी गाडी अशीच मंद वाटते. फरक ओळखण्याची खूण एकच आहे. गिअर पडलेला असताना आणि पेडल पूर्ण सुटलेले असताना इंजिनचे फेरे व गाडीचा वेग यांचे गुणोत्तर बदलू शकत नाही, कारण मधली सगळी दंतचक्रे एकमेकांत घट्ट अडकलेली असतात. समजा, पाचव्या गिअरमध्ये 2,000 आरपीएमला (मिनिटाला 2,000 फेऱ्यांना) ताशी 70 किलोमीटर वेग मिळतो, तर 3,000 आरपीएमला तो 105 च भरला पाहिजे. ॲक्सिलरेटर दाबताच आरपीएमचा काटा 2,800 वर चढला आणि वेग मात्र 75 वरच रेंगाळला, तर घसरण सिद्ध झाली, कारण त्या वेगाला 2,150 च्या आसपास आरपीएम पुरेसे असतात. इंजिन अशक्त झाले असेल, तर काटा आणि वेग दोन्ही सारख्याच संथपणे चढतात.

ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जिथे सर्वाधिक असतो त्या टप्प्यात घ्यावी. टर्बो डिझेल गाड्यांत हा टप्पा बहुधा 2,000 आरपीएमच्या आसपास असतो, आणि क्लचची सुरुवातीची घसरण तिथेच प्रथम दिसते. पहिल्या गिअरमध्ये गाडी सहज पुढे जाते आणि पूर्ण टॉर्कची वेळ क्वचितच येते, म्हणून खालच्या गिअरमध्ये क्लच बराच काळ निर्दोष भासतो. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण) असेल तर आरपीएम आणि वेग एकत्र नोंदवून नंतर भागाकार तपासता येतो, आणि काट्याकडे बघत गाडी चालवण्यापेक्षा ते सुरक्षितही आहे.

हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे, ही चाचणी सर्रास केली जाते. माझा तिच्यावर विश्वास नाही. कमी फेऱ्यांवर इंजिनचा टॉर्क इतका थोडा असतो की निम्मी पकड गमावलेला क्लचही त्याला सहज बंद पाडतो, आणि पूर्णपणे गेलेला क्लच असेल तर त्या काही सेकंदांत आणखी भाजून निघतो. 100 न्यूटन मीटर टॉर्क देत क्लच 1,000 आरपीएमने घसरत असेल, तर साधारण 10 किलोवॅट उष्णता प्लेटवरच्या पातळ घर्षण-थरावर (लायनिंगवर) आणि ती जिच्यावर टेकते त्या इंजिनच्या जड चकतीवर (फ्लायव्हीलवर) निर्माण होत असते. म्हणून कोणतीही चाचणी पुन्हा पुन्हा घेऊ नये.

घसरण निश्चित झाली की पेडलपासून सुरुवात करावी, कारण तिथे काहीही खोलावे लागत नाही. क्लचची पकड प्रेशर प्लेटमधल्या बशीसारख्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या दाबावर अवलंबून असते. रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर सतत रेटत राहिले, तर दाब कमी होतो आणि प्लेट निर्दोष असूनही घसरू लागते. केबलच्या क्लचमध्ये हे फार सहज घडते. प्लेट झिजते तशी स्प्रिंगची बोटे बेअरिंगच्या दिशेने सरकतात, केबलची ढिलाई, म्हणजे फ्री प्ले, संपत जाते, आणि कोणी समायोजन केले नाही किंवा स्वयंचलित समायोजक अडकला, तर पेडलवर पाय नसतानाही क्लच किंचित दाबलेला राहतो.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या, क्लचमधली हीच गोष्ट अधिक फसवी असते. माझ्या गाडीचा क्लच सकाळी थंड असताना चोख पकडत असे, पण गर्दीतून बराच वेळ चालल्यावर चढावर घसरू लागे. अशा लक्षणावर बहुतेक ठिकाणी प्लेट जळाली असेच सांगितले जाते, आणि तापल्यावर झिजलेली प्लेटही अशीच वागते हे खरे आहे. तरीही गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी एक तपासणी करावी, असा मी आग्रह धरला: क्लच घसरत असतानाच गाडी सपाटीवर उभी करून, पेडलला हात न लावता स्लेव्ह सिलिंडरचा (क्लचजवळच्या, बेअरिंग ढकलणाऱ्या सिलिंडरचा) ब्लीड निपल, म्हणजे तेल बाहेर सोडण्याचा स्क्रू, सैल करायचा. तेल जोराने उडाले आणि त्यानंतर घसरण थांबली, तर दाब आत अडकून बसला होता हे उघड होते. माझ्याकडे नेमके तेच घडले. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधले परतीचे सूक्ष्म छिद्र मोकळे राहत नव्हते आणि तापून फुगलेल्या तेलाला टाकीकडे परतायला वाट नव्हती. पेडलच्या पुशरॉडला (मास्टर सिलिंडर दाबणाऱ्या दांड्याला) मोकळीक नसणे, पेडल मॅटवर अडकणे किंवा रबरी नळी आतून सुजणे यांमुळेही हाच परिणाम होतो. (हे तेल रंगावर सांडले तर रंग खराब होतो, त्यामुळे खाली कापड धरावे.)

पेडलची बाजू निर्दोष ठरली की संशय तेलगळतीवर जातो. क्रँकशाफ्टचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) मागचे सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गळत असेल, तर तेल लायनिंगवर पोहोचते. तेव्हा घसरणीबरोबर बहुधा गाडी सुटताना थरथरही जाणवते. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) खालच्या सांध्याजवळची ओल टॉर्चने पाहावी. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, त्यावरून कोणते सील गेले याचा अंदाज बांधता येतो.

इंजिनचे सॉफ्टवेअर बदलून टॉर्क वाढवला असेल, तर मूळ क्लचची क्षमता अपुरी पडणे स्वाभाविकच आहे. हाफ क्लचवर चढावर गाडी धरून ठेवणे, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सुरू करणे किंवा पेडलवर पाय टेकवून चालवणे, हीही कारणे खरी आहेत. पण चालकाच्या सवयीवर बोट ठेवणे सर्वांत सोपे असल्याने ते सर्वांत आधी ठेवले जाते, आणि हे मला अन्यायाचे वाटते. सवयीचा आरोप करायचा असेल, तर पुरावा उतरवलेल्या प्लेटवर दिसला पाहिजे.

म्हणूनच जुनी प्लेट स्वतः डोळ्यांनी पाहावी. लायनिंग दोन्ही बाजूंनी रिव्हेटपर्यंत सारखे झिजले असेल आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील, तर दीर्घकाळ उष्णता सोसल्याचे ते लक्षण आहे. मग ती सवयीची की अडकलेल्या दाबाची, हे पेडलची तपासणीच सांगते. लायनिंग जाडजूड पण काचेसारखे गुळगुळीत झाले असेल, तर थोड्या वेळात फार तापल्याचा संशय घ्यावा. एकच बाजू झिजली असेल, तर प्लेटच्या मधल्या भागाच्या, म्हणजे हबच्या, खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सहज सरकतात का ते पाहावे. लायनिंग भरपूर शिल्लक, कोरडे आणि स्वच्छ असूनही क्लच घसरत होता, तर दोष प्रेशर प्लेटचा किंवा ती पूर्ण सुटू न देणाऱ्या यंत्रणेचा आहे. स्प्रिंगच्या बोटांची टोके खोलवर घासलेली दिसली, तर बेअरिंग नको तितका वेळ टेकून राहिले होते.

नवी प्लेट बसवताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासावा, हबच्या खाचांना ग्रीस अगदी मोजकेच लावावे, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना लायनिंगवर उडते, आणि पहिले काही शे किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर व जड ओझे टाळावे. त्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये आरपीएम आणि वेगाची नोंद पुन्हा घ्यावी आणि गाडीच्या कागदांत जपून ठेवावी.