मोथ्याची तांबडी आणि चिखलदऱ्याचे दोन दिवस

श्रावणातल्या एका शनिवारी मी, आई आणि धाकटा भाऊ चिखलदऱ्याला गेलो. दर्यापूरहून पहाटे निघालं की अंजनगाव, परतवाडा करत सकाळीच घाट लागतो. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण, उंची ११०० मीटरच्या आसपास, त्यामुळे पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड सगळीकडे जाऊन आलो. धुकं इतकं होतं की दहा पावलांपुढचं दिसेना. त्या जागांबद्दल वाचायला भरपूर मिळतं. मी लिहिते आहे ती मोथ्याच्या एका तांबड्या कुत्रीबद्दल, कारण घाट चढणाऱ्या प्रत्येकाला तिच्यासारखं कुणीतरी भेटतंच.

मोथा हे घाट चढून आल्यावर लागणारं गवळ्यांचं गाव. रबडी, खवा, गरम चहा, भाजलेली कणसं. टपरीसमोर गाडी थांबली की पाच-सात कुत्री जमतात आणि उतरणारा प्रत्येकजण बिस्किटाचा पुडा फोडतो. तांबडी मात्र लांब, लाकडांच्या ढिगाआड पडून होती. आईला आधी वास आला. "जखमेत किडे पडलेत," ती म्हणाली. तिचं बालपण गोठ्यात गेलंय, तिची चूक होणार नव्हती. शेपटीच्या वर, पाठीवर, जिथे तिची जीभ पोचत नव्हती तिथे रुपयाएवढं भोक होतं आणि आत वळवळ.

टपरीवाले काका म्हणाले, "ताई, थे वाचत नाई आता. दोन-तीन दिवस झाले, हात लावू देत नाई कोनाले."

पावसाळ्यात माशी उघड्या जखमेवर एका वेळी शे-दोनशे अंडी घालते. साधारण दिवसभरात अळ्या बाहेर येतात आणि मांस खात आत शिरतात. म्हणून "परतताना बघू" म्हणण्यात अर्थ नसतो. आई सीताफळाचा पाला शोधायला निघाली होती, गुरांना तेच लावतात. मी गावाकडच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पाल्याला साफ नाही म्हटलं: कुत्री एकमेकांच्या जखमा चाटतात, आणि तो रस डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. त्यांच्या सांगण्यावरून भाऊ खाली परतवाड्याला जाऊन औषधाच्या दुकानातून टर्पेंटाइन तेल, चिमटा, सलाइनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे आणि माशा बसू न देणारा जखमेचा स्प्रे घेऊन आला. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणू नका, ते वेगळं असतं. जाऊन-येऊन आमची दुपार त्यातच गेली. तुम्ही जाणार असाल तर हे सामान घरूनच न्या, एका डब्यात मावतं.

खरं काम काकांच्या नातवाने केलं. दहावीतला पोरगा, त्याच्या हातचं ती खायची. दुखणारं जनावर ओळखीच्या माणसालाही चावतं, त्यामुळे आधी ओढणी जबड्यावर गुंडाळून, हनुवटीखाली आडवी घेऊन, कानांमागे गाठ मारली. जनावर धापा टाकत असेल किंवा ओकत असेल तर असं बांधू नये, आणि बांधलं तरी मधूनमधून सोडावं. आम्ही दोनदा सोडली. तेलात भिजवलेला कापूस जखमेत ठेवला की काही मिनिटांत अळ्या श्वासासाठी वर येतात. मग एकेक चिमट्याने काढायची. साठाच्या पुढे मी मोजणं सोडलं. ती कण्हत होती, पण एकदाही दात लावला नाही.

तरी तुम्हाला कुणी चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, तर सहल तिथेच थांबवा. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची, दंडात देतात ती ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सिरमही द्यावं लागतं, ते आवर्जून विचारा. कुत्र्यांचं काम नेहमी करणाऱ्यांनी आधीच तीन डोस घेऊन ठेवावेत. मी घेतले आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार. जनावरांच्या फिरत्या सरकारी दवाखान्याच्या १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला. ही सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण तिथून पुढे जवळच्या डॉक्टरांशी बोलणं झालं आणि संध्याकाळी इंजेक्शन मिळालं. नेमकं कुठे यायचं हे सांगता येईल इतपत गावाचं, टपरीचं नाव लिहून ठेवा. घाटात फोनची रेंज जाते-येते.

खायला देण्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. बिस्किटाने पोट भरत नाही, आणि रस्त्याच्या कडेला दिलेला प्रत्येक घास कुत्र्याला वळणावर गाड्यांच्या पुढ्यात आणतो. भाकरी, भात, उकडलेलं अंडं द्या, रस्त्यापासून आत नेऊन, आणि पिशवी परत घेऊन या. उरलेलं अन्न पॉइंटवर टाकू नका. वस्तीच्या कडेला कुत्री जमली की मागोमाग बिबट्या येतो. शिवाय हा मेळघाट आहे, देशातल्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यात कुत्र्यांत पसरणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. जंगलाकाठच्या गावातलं कुत्रं लसीचं असणं हे वाघाच्याही भल्याचं आहे. पाहुण्याने वर्गणी द्यायचीच तर लसीला द्यावी.

तिथेच एक कुटुंब गोजिरवाणं पिल्लू उचलून नागपूरला न्यायला निघालं होतं. पिल्लाची आई चार पावलांवर थांबलेली, आचळं भरलेली. भावाने ती दाखवली, तेव्हा त्यांच्या मुलीने स्वतःच पिल्लू खाली ठेवलं.

सोमवारी निघताना औषधांचा डबा नातवाकडे दिला आणि त्याचा नंबर घेतला. दिवसातून दोनदा धुणं आणि स्प्रे, बाकी काही नाही. आठव्या दिवशी त्याने फोटो पाठवला, भोक आतून लाल, कोरडं, वळवळ नाही. पाऊस उघडला की तिला अमरावतीला नेऊन नसबंदी आणि रेबीजची लस करायची आहे. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या २०२३च्या नियमांप्रमाणे तिला परत मोथ्यातच सोडायचं. गाडी आमची. धरून बसवायचं काम नातवाचं. काका म्हणतात, "पोट्ट्याची परीक्षा झाल्यावर न्या, नाईतर थो अभ्यास सोडून तिच्याच मागं राहीन."