सोवळ्यातला पेनड्राइव्ह

आमच्या सांगलीच्या घरी मधल्या खोलीत, कॅलेंडरच्या खिळ्याशेजारी अजून एक खिळा आहे आणि त्यावर एक निळी तार नीट गुंडाळून टांगलेली आहे. पाहुण्यांनी विचारलं की हे काय, तर बाबा शांतपणे सांगतात, इंटरनेट आहे ते.

म्हणजे तसं खरंच आहे. लॅनची वायर ती. तिचं एक टोक राउटरला असायचं आणि दुसरं बाबांच्या कॉम्प्युटरला, ज्यावर आज, या घडीलाही विंडोज ७ चालते. तीही ३२ बिटवाली, म्हणजे जुन्या घडणीची. मी पुण्यात आयटीत आहे हे ज्यांना माहीत आहे ते मला विचारतात, अगं तू असताना? तर हो, मी असताना. किंबहुना मी आहे म्हणूनच.

बाबांनी पंचवीसेक वर्षं डीटीपी केलं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम. आधी एका प्रेसच्या माळ्यावर, मग घरीच. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, मंडळाची पावतीपुस्तकं, वाचनालयाची स्मरणिका, येईल ते. मॅटर टाइप करायचं, प्रूफ काढायचं, गिऱ्हाइकानं त्यात तीन चुका दाखवायच्या आणि चौथी चूक छापून आल्यावर सगळ्या गावाला दिसायची, हा क्रम ठरलेला. सगळं काम पेजमेकर नावाच्या, पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकर ७ हे २००१ सालचं सॉफ्टवेअर, युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले नंबर देणारी पद्धत) कशाशी खातात ते त्याला ठाऊक नाही. मग त्यात मराठी कसं उमटायचं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फाँट असायचे, काना एका जागी, वेलांटी दुसऱ्या जागी, अर्धा श तिसरीकडे. तो फाँट मशीनमध्ये आहे तोवर वाचनालयाचा अहवाल, आणि फाँट नसला की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची मिसळ, वर तर्री.

पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे योगेश आणि सुरेख नावाचे फाँट होते, नावाआधी डीव्हीबी-टीटी असं आडनाव लावून फिरायचे. बाबा फोनवर प्रेसवाल्याला सांगायचे, "योगेशमध्ये नको, जाड दिसतंय, सुरेखमध्ये घे". मी बरीच वर्षं समजत होते की योगेश हा प्रेसमधला कुणीतरी जाडा मुलगा आहे.

तर या सगळ्या संसाराला एक कुलूप. डीटीपीवाले त्याला लॉकच म्हणतात. काड्यापेटीएवढा प्लास्टिकचा ठोकळा, सीपीयूच्या मागं प्रिंटरचं जे जुनं लांबडं पोर्ट असतं ना त्याला लावायचा, तो लावलेला नसला तर टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. आणि या लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, मिळतो तो ३२ बिटच्या विंडोज ७ पर्यंतचाच, पुढं रस्ता बंद. नव्या मदरबोर्डला (कॉम्प्युटरमधली मुख्य पाटी) ते पोर्ट नसतं, यूएसबीचं कन्व्हर्टर आणून बघितलं तर लॉकनं त्याला ओळख दाखवली नाही. म्हणजे लॉकसाठी पोर्ट, पोर्टसाठी जुनं मशीन, ड्रायव्हरसाठी विंडोज ७, फाँटसाठी पेजमेकर. यातलं एक काढलं की सगळं खाली येतं. लोकांना वाटतं म्हातारे लोक हट्टानं जुनं वापरतात, पण हट्ट कमी आणि ही अशी साखळी जास्त असते.

आता ती तारीख. १४ जानेवारी २०२०, विंडोज ७ चा सपोर्ट संपला. त्या वर्षी संक्रांत १५ ला होती, म्हणजे १४ ला भोगी. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात, आणि नेमक्या त्याच दिवशी विंडोज ७ ला शेवटची सुरक्षेची मात्रा मिळाली, त्यानंतर (पैसे भरणाऱ्या कंपन्या सोडल्या तर) कुणाला काही नाही. संक्रांतीला सकाळी बाबांचा फोन. "अगं, स्क्रीन निळा झालाय." माझ्या पोटात गोळा, कारण निळा स्क्रीन म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. व्हिडिओ कॉल करून बघते तर ती नोटीस होती, अख्ख्या स्क्रीनभर, की बाबांनो तुमच्या पीसीचा सपोर्ट संपला. खाली बटणं, नंतर आठवण करा, पुन्हा आठवण करू नका. बाबांनी दुसरं दाबलं आणि म्हणाले, तिळगूळ घ्या गोड गोड बोला म्हणायच्या दिवशी हे काय बोलणं झालं.

त्या शेवटच्या अपडेटचा किस्सा तर भारीच होता. ज्यांनी वॉलपेपर ताणून लावलेला, स्ट्रेचवाला पर्याय, त्यांचा वॉलपेपर जाऊन नुसती काळी पाटी उरली. शेवटी फेब्रुवारीत ते दुरुस्त करणारं अजून एक अपडेट सगळ्यांसाठी काढावं लागलं, सपोर्ट संपल्यावर! श्राद्धाचं जेवण झाल्यावर पान वाढायचं राहिलेला माणूस सापडावा तसं. आमच्याकडे नरसोबाच्या वाडीचा फोटो आहे, तो मधोमध, न ताणता लावलेला, म्हणून वाचलो.

आणि मग काहीच झालं नाही. हे मला फार नवलाचं वाटतं अजून. सपोर्ट संपला आणि १६ तारखेला कॉम्प्युटर १३ तारखेइतकाच चालत होता, तितकाच हळू, तितकाच घरघरत. पत्ते तेच, सॉलिटेअर, जाहिरात न दाखवणारं (माझ्या लॅपटॉपवर बाबांनी एकदा सॉलिटेअर उघडलं तर मध्ये जाहिरात आली, "पत्ते खेळायला पण तिकीट?"). मशीन काही बिघडत नाही हो. बाहेरचं जग हळूहळू त्याच्याशी बोलायचं बंद होतं, एकेक करून, आणि प्रत्येकाचं कारण अगदी योग्य असतं.

पहिला धक्का त्याच वर्षी दिवाळीत. हार्ड डिस्क टकटक करायला लागली म्हणून मी एसएसडी, म्हणजे तिच्या जागी बसणारी नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, नेली, म्हटलं नवीन विंडोज टाकून देते, जुन्या डीव्हीडीवरून, एक तासाचं काम. विंडोज पडली, सुरू झाली, आणि अपडेट घ्यायला लावलं तर एरर. पुन्हा लावलं, एरर. रात्री दीड वाजता कळलं की भानगड सहीची आहे. अपडेट खरं कंपनीचंच आहे हे पटवायला त्यावर डिजिटल सही असते, ती करायची जुनी पद्धत शा-१, ती कच्ची ठरली म्हणून सगळं शा-२ वर नेलं, आणि डीव्हीडीतून नुकत्याच जन्मलेल्या विंडोज ७ ला शा-२ कळतच नाही. म्हणजे बँकेत नमुन्याची सही जुनी आणि चेकवरची नवी. त्यावर उपाय असा की आधी सर्व्हिस पॅक १ (कंपनीनं काढलेला दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा) टाकायचा, मग दोन छोटी अपडेट दुसऱ्या मशीनवर डाउनलोड करून हातानं टाकायची, तेवढी टाकली की मग त्याला नवी सही वाचता येते आणि २०२० च्या जानेवारीपर्यंतचं सगळं साठलेलं अपडेट भराभरा उतरतं. दोनशेच्या आसपास होती. आई सकाळी अभ्यंगस्नानाला उठवायला आली तेव्हा ५१ टक्क्यावर होतं.

पण एसएसडीनं मात्र कमाल केली. सोळा वर्षांचं लग्न झालेल्या जोडप्याला कुणीतरी महाबळेश्वरला पाठवावं तसं झालं. आधी कॉम्प्युटर चालू करून बाबा चहा घ्यायचे, आता चहा गाळायच्या आत चालू. कुणाला जुनं मशीन चालवायचंच असेल तर मी पहिलं हेच सांगेन, बाकी ते स्पीड वाढवून देणारे सफाईवाले प्रोग्रॅम अजिबात टाकू नका, निम्मे तर स्वतःच कचरा असतात.

दुसरा प्रकार तर मला फारच आवडला. एक दिवस फोन, "सगळं इंटरनेट बंद पडलंय." म्हटलं सगळं म्हणजे? तर कुठलीही साइट उघडली तरी ती असुरक्षित आहे म्हणून लाल अक्षरं. सर्टिफिकेट, नवं काय बदललं, मी मशीनमधल्या नोंदीबिंदी मागवायच्या तयारीत, आणि आई मागून म्हणाली, त्याचं घड्याळ पण बंद पडलंय का गं, २००९ दाखवतंय. मदरबोर्डवरचा सेल गेला होता, मनगटी घड्याळवाल्याकडे मिळतो तो, २०३२ नंबरचा, नाण्यासारखा. वीज गेली की तारीख परत मूळपदाला. आणि साइटच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, मशीनच्या मते साल २००९, म्हणजे जगातली सगळी सर्टिफिकेटं अजून जन्मायची होती. सेल बदलला, तारीख लावली, इंटरनेट परत आलं. आईनं त्यानंतर महिनाभर स्वतःला सपोर्ट म्हणवून घेतलं.

जुगाड करणारे लोक काय काय करतात याला तर तोड नाही. एक्सपीचा, म्हणजे ७ च्याही आधीच्या विंडोजचा, सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला तेव्हा कुणीतरी शोधून काढलं की रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांची आतली वही) एक छोटी नोंद घातली की एक्सपी दुकानातल्या बिलाच्या काउंटरवरचं मशीन असल्याचं सोंग आणते, आणि त्या काउंटरवाल्या एक्सपीला २०१९ पर्यंत अपडेट मिळणार होती, ती यालाही मिळायची. घरातला कॉम्प्युटर पाच वर्षं किराणा दुकानदार बनून रेशन घेत राहिला! हे अधिकृत नव्हतं, कंपनीनं करू नका म्हणून सांगितलेलं, आणि मीही कुणाला सांगितलं नसतं, पण हसू येतंच.

मग २०२३ उजाडलं. फेब्रुवारीत क्रोमची ११० नंबरची आवृत्ती आली आणि ती विंडोज ७ ला मिळालीच नाही, ७ वाले १०९ वर थांबले ते थांबलेच. फायरफॉक्सनं जरा माया दाखवली, ११५ नंबरची लांब मुदतीची आवृत्ती ७ वाल्यांसाठी ठेवली आणि तिची मुदत पुन्हापुन्हा वाढवली. मी बाबांना फायरफॉक्स टाकून देणार होते खरं तर. पण त्या सुट्टीत मी मागं उभी असताना बाबांनी त्या मशीनवर, त्या क्रोम १०९ मध्ये, बँकेचा पासवर्ड टाकून लाइटबिल भरलं, आणि माझ्या अंगावर काटा आला.

आमचं भांडण झालं. बाबांचं म्हणणं, "माझ्याकडनं काय चोरणार? कुलकर्ण्यांच्या मुंजीची पत्रिका?" मी त्यांना वॉनाक्रायची गोष्ट सांगितली. १२ मे २०१७, ते प्रकरण चोरायला आलंच नव्हतं, फायलींना कुलूप घालून खंडणी मागत होतं, आणि कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती, एका मशीनमधून शेजारच्या मशीनमध्ये आपोआप शिरायचं. त्यात सापडलेल्यांत बहुसंख्य विंडोज ७ होत्या, आणि तेव्हा तर सपोर्ट चालू होता, भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन गेलेलं, लोकांनी घेतलं नव्हतं इतकंच. प्रकरण एवढं वाढलं की सपोर्ट संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा खास अपडेट काढावं लागलं. "तुमच्या पत्रिका कुणी चोरणार नाही बाबा, पण वाचनालयाची वीस वर्षं कुलपात गेली तर?"

बाबा काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर उठले, वाकून सीपीयूमागची निळी तार उपटली, गुंडाळली, हातोडी आणली आणि खिळा मारला.

मला म्हणायचंय की जुनी सिस्टीम चालू ठेवायचा याहून बरा उपाय मला आजतागायत सापडलेला नाही. नवे अँटीव्हायरस, पर्यायी ब्राउझर, कुणी हौशी पोरांनी बनवलेले पॅच, सगळं आहे, करणारे करतात, पण ज्या मशीनला बाहेर जायचंच नाही त्याला बाहेरचं बाधत नाही. बँक, मेल, लाइटबिल सगळं मोबाइलवर गेलं. फाइल बाहेर काढायला एक पेनड्राइव्ह, त्याला आईनं लाल दोरा बांधलाय. तो सोवळ्यातला. तो बाबांच्या मशीनमधून फक्त माझ्या जुन्या लॅपटॉपवर जातो, आणि परत आत जायच्या आधी तपासून घ्यायचा. झेरॉक्सच्या दुकानात तो न्यायचा नाही, तिथं नेला की बाटला, कारण गावातले सगळे व्हायरस झेरॉक्सच्या दुकानात राहतात. एरवी आमच्या घरात सोवळंओवळं कुणी पाळत नाही. पेनड्राइव्हचं मात्र कडक आहे.

आता सगळं युनिकोडमध्ये का करून टाकत नाही, तर केलं ना. म्हणजे करून बघितलं. वाचनालयाचे दोन अहवाल मी कन्व्हर्टरमधून काढले, साठ पानं मिनिटात झाली, आणि अभिमानानं प्रिंट काढून बाबांना दिली. बाबांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि पहिल्याच पानावर थांबले. "हे काय?" तर "दुसऱ्या" चं "दुसर्‌या" झालेलं. "ऱ्या" मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र कन्व्हर्टरला उमगलाच नव्हता, कुठं पाय मोडून लोंबत होता, कुठं रफार होऊन या च्या डोक्यावर चढून बसला होता. सगळीकडे. दुसर्या, तिसर्या, सुपार्या, पायर्या. बाबांना एक वेळ मुदत संपलेली विंडोज चालेल पण "पायर्या" चालणार नाहीत. त्यांनी साठ पानं तपासायला घेतली, अजून घेतलेलीच आहेत, रोज दोन पानं. सोबत मी प्रत्येक अहवालाची पीडीएफ पण काढून ठेवतेय, त्यात निदान दिसतं तसं राहतं. वेग बघता २०३० उजाडेल. तोवर ते लॉक, ते पोर्ट आणि तो सेल टिकायला हवा, म्हणून कॉम्प्युटरवाल्याच्या ड्रॉवरमधून तसाच एक जुना मदरबोर्ड उचलून आणून माळ्यावर ठेवलाय, जुन्या साडीत गुंडाळून.

आणि मग गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझा तो जुना लॅपटॉप, सोवळ्याच्या पेनड्राइव्हचा सोबती, विंडोज १० वरच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर बहुतेक करून आठव्या पिढीपासूनचा, आणि माझा सातव्या पिढीचा. एका पिढीनं पत्रिका जुळली नाही. एक वर्षाची वाढीव मुदत घेतलीये, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, पण सपोर्ट संपल्याचा मेसेज काही जात नाही, लॅपटॉप उघडला की आहेच.

बाबांना फोनवर सांगितलं. मला वाटलं हसतील, २०२३ मधलं भांडण काढतील. ते म्हणाले, "चालतंय की पण?"

म्हटलं, चालतंय, उत्तम चालतंय.

"मग आण इकडं. अजून एक खिळा मारून ठेवतो."