दोन कामं, गळा एक

‘ताई, तुम्ही जॅझ गाता, मुलांनाही शिकवता. दोन्ही कसं जमवता?’ नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या वर्गात मुलांना सोडायला येणारे पालक हे हमखास विचारतात. त्यांना वाटतं, अडचण वेळेची असेल. वेळेचं जमतं. मुंबईत कार्यक्रम असला की विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्रभर झोप काढायची. खरी ओढाताण गळ्याची.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. पारा 45 वर, वर्गात कूलर. कूलरच्या घरघरीत माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. मी दिवसाला पाच तास तसंच शिकवत होते आणि संध्याकाळी एका हॉटेलात गात होते. आधी वरचे नाजूक सूर गेले. जोरात लावले तर लागायचे, हळू लावले की नुसती हवा. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर स्वरतंतूंवर गाठी धरायला लागल्या होत्या. तीन आठवडे मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही.

वर्ग बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. नुसत्या जॅझवर माझं घर चालत नाही. म्हणून न बोलता शिकवलं. जॅझमध्ये चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी भजनात वाढलेली, तिची टाळी हटकून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. समजावून सांगायला आवाज नाही. मग तिचे दोन्ही हात हातात घेतले. पहिल्या मात्रेला घट्ट धरायचे, दुसरीला सोडायचे. चौथ्या दिवशी हात सोडले आणि तिचे खांदे आपोआप डोलायला लागले. इतकी वर्षं गाऊन दाखवत होते, त्यातलं निम्मं गाऊन दाखवायची गरजच नव्हती.

आता उन्हाळ्यात वर्ग सकाळी साडेसहाला, कूलर बंद. कार्यक्रमाच्या दिवशी सूर कीबोर्डवर देते, गळ्यानं नाही.

‘पण शिकवणं म्हणजे पोटापाण्यासाठीच ना?’ असंही कुणी म्हणतं. हे मला खरंच लागतं. याच शहरात शंकरराव सप्रे शिकवत होते. त्यांच्याकडे गायक वसंतराव देशपांडे शिकले आणि संगीतकार सी. रामचंद्रही. 1957 च्या ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डीका’सारखं निरर्थक अक्षरांवर झुलणारं गाणं याच रामचंद्रांनी बांधलं. त्या शिकवणीला दुय्यम कसं म्हणायचं?

मुलांना शब्द विसरायची फार धास्ती असते. त्यांना मी अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डची गोष्ट सांगते. 1960 साली बर्लिनच्या मंचावर ती ‘मॅक द नाइफ’चे शब्द विसरली, थांबली नाही, सुचेल ते जुळवत गात राहिली. त्याच ध्वनिमुद्रणाला पुढे ग्रॅमी मिळालं. आपल्या मुलांना हे चटकन कळतं, निरर्थक अक्षरांवर गायचा तराणा ऐकलेला असतो त्यांनी.

मागच्या हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या कार्यक्रमात दुसऱ्या कडव्याला माझीच ओळ गेली. बास आणि ड्रम चालूच होते. मी ‘दू-बा-दा’ धरलं, आठ मात्रा त्यावर काढल्या आणि पुढची ओळ पकडली. गाणं संपल्यावर ती भजनवाली मुलगी विंगेत आली आणि कानाशी म्हणाली, ‘ताई, आज तुम्ही विसरल्या होत्या ना?’

हो म्हटलं.