वेशीवरचा सेव्ह

फोंड्याला तिस्काजवळ माझं लॅपटॉप रिपेअरचं छोटं दुकान आहे. पाऊस लागला की हार्ड डिस्कवाल्यांची रांग सुरू होते, दमट हवा आणि त्यात लाईट दिवसातून चार वेळा ये-जा करते. गेल्या वर्षी भर जुलैत एक बाई आल्या, जुना लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. आधीच्या दुकानात सांगितलेलं, फॉरमॅट मारा, नवी डिस्क टाका. मी नेहमीचं विचारलं, फोटो, ऑफिसचं, काय काय हवंय? त्या म्हणाल्या, "फोटो फोनवर आहेत दादा. मला एकच फोल्डर हवा. डॉक्युमेंट्समध्ये बायोवेअर, त्यात ड्रॅगन एज."

बारा वर्षांत मी लग्नाचे व्हिडिओ काढून दिलेत, टॅलीचा डेटा, थिसिस, सगळं, पण गेमच्या सेव्हसाठी, म्हणजे खेळ जिथवर आला ते जपून ठेवणाऱ्या फाइलसाठी, डोळ्यांत पाणी आणून उभं राहिलेलं गिऱ्हाईक पहिलंच. आणि गेम ड्रॅगन एज ओरिजिन्स, 2009 चा, मी कॉलेजात असताना रात्ररात्र जागून खेळलेला.

त्यांचा नवरा क्रूझ बोटीवर. सात-आठ महिने बाहेर, मग दोन महिने घरी. घरी असला की दोघं खुर्चीला खुर्ची लावून खेळणार, माऊस हिच्या हातात, तो शेजारी बसून सल्ले देणार. नियम एकच, एकट्याने पुढे जायचं नाही. हिची नायिका वॉर्डन, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या पंथातली, आणि तिचा त्याच पंथातला सोबती अ‍ॅलिस्टर, हे लफडं नवऱ्याच्या देखत तीन सुट्ट्या चाललेलं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गेममध्ये प्रत्येक सोबत्याचा तुमच्याबद्दलचा आकडा असतो, उणे 100 ते अधिक 100. बोलण्याने तो बदलतो आणि भेटवस्तू दिल्या की वाढतो. हे भेटवस्तूंचं मला तेव्हाही पटलं नव्हतं, प्रेम काय दुकानातून आणून भरायची टाकी आहे? पण ज्याने हा अ‍ॅलिस्टर लिहिला त्याला मी मानतो. तो लोथरिंग गावात खुडलेलं गुलाबाचं फूल जपून ठेवतो आणि तुम्हाला देतो, ते गोड आहेच, पण खरी गोष्ट शेवटाला. आर्चडीमनला, म्हणजे शेवटच्या लढाईतल्या ड्रॅगनला, शेवटचा घाव घालणारा वॉर्डन मरतो. ते टाळायचं तर आदल्या रात्री मॉरिगन, सोबतची चेटकीण, एक विधी सुचवते, आणि तुमची वॉर्डन बाई असली तर त्यासाठी अ‍ॅलिस्टरला मॉरिगनसोबत रात्र काढावी लागते, आणि तिच्याकडे जा हे त्याला तुम्हीच समजवायचं. नाही म्हटलंत आणि त्याचं तुमच्यावर प्रेम असलं, तो शेवटच्या लढाईला सोबत असला, तर तो तुमचं ऐकत नाही. स्वतः पुढे होतो आणि मरतो. 100 आकडा असो की काय असो. माझ्या मते पात्र तुमच्या हाताबाहेर जातं तिथेच ते जिवंत होतं, आणि पुढच्या कितीतरी गेममधले रोमान्स मी खेळलो पण हा घाव अजून बुजलेला नाही.

बाईंनी मॉरिगनला नाही म्हटलेलं. "असं कसं सांगू त्याला?" एवढंच म्हणाल्या. मग डेनेरिम शहराच्या वेशीवर, शेवटच्या लढाईला कोण आत जाणार आणि कोण वेशीवर थांबणार ती टीम निवडायच्या आधी, सेव्ह करून दोघं थांबले, कारण सुट्टी संपली. शेवट त्यांना ठाऊक नव्हता.

डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा, भरपूर. डीडीरेस्क्यू हे डेटा काढायचं सॉफ्टवेअर लावलं, आधी चांगला भाग ओढून घ्यायचा, खराब जागांवर नंतर हळूहळू परत जायचं, मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही. मध्यरात्री स्पीड पार केबीत आला. डिस्कचा कुर्रर आवाज ऐकत मी दुकानातच बसून राहिलो, घरून दोनदा फोन. सकाळी फोल्डर आला, अख्खा.

सेव्ह उघडतात का ते बघावं लागतंच, म्हणून मी माझा गेम टाकून त्यांच्यासमोरच लिस्ट काढली. वेशीवरचा सेव्ह होता. पण त्याच्याही वर अजून एक होता. चित्रात वेशीच्या पुढचं, शेवटच्या लढाईच्या ड्रॅकन किल्ल्याच्या आतलं दृश्य, वॉर्डनच्या शेजारी अ‍ॅलिस्टर. वेळ पहाटेची 3:40.

"आम्ही इथपर्यंत गेलोच नव्हतो," बाई म्हणाल्या. मग तारीख बघितली आणि गप्प झाल्या. बराच वेळ. "हा त्याच दिवशी बोटीवर गेला. दुपारी दाबोळीला विमानतळाच्या गेटातून आत शिरता शिरता मला म्हणाला, अ‍ॅलिस्टरला लढाईला नेऊ नकोस हं, वेशीवरच ठेव त्याला. मला वाटलं, जळतोय."

मी काहीच बोललो नाही, मला बोलताच येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही खेळलाय ना? नेलं तर..." आणि लगेच हात वर केला, "नको, सांगू नका."

वरचा सेव्ह काढून टाकू का विचारलं.

"राहू दे. गणेश चवथीला येतोय तो. मी वेशीवरूनच सुरू करीन, ह्याच्या देखत, आणि टीम निवडताना ह्याच्या तोंडाकडे बघीन."

फोल्डर दोन पेनड्राइव्हवर करून दिला. एक पर्सच्या आतल्या कप्प्यात गेला, दुसरा त्यांनी रुमालात बांधला, आणि लॅपटॉप परत त्याच दोन पिशव्यांत घालून त्या पावसात बस स्टँडच्या दिशेने निघाल्या.