तुम्ही विचारलंत म्हणून: ती दगडी भिंत कशाला धरून बसलात?

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. ‘सगळं जळलं होतं, मग पाडून छान आधुनिक थिएटर बांधायची संधी का घालवली? दर्शनी भाग राहिला म्हणून “जसं होतं तसं” हा हट्ट कशासाठी?’ कोल्हापूरबाहेरचे विचारतात, त्याचं काही वाटत नाही. पण आता माझ्याच नाटकाच्या ग्रुपमधली पोरं विचारू लागलीत, म्हणून लिहितो.

शाहू महाराजांनी काय बांधलं हे तुम्हाला सांगायला नको. १९०२ साली ते युरोपात गेले, रोमचं मैदान (कोलोसियम) पाहिलं आणि इथे खासबाग हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झालं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि नाटक पाठीला पाठ लावून. नाट्यगृह जळलं त्या रात्री आगीत खासबागेचा मंचही गेला.

आगीची ती रात्र ८ ऑगस्ट २०२४ची. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे ज्या गायक नटाचं नाव थिएटरला दिलंय त्यांची, जयंती. रात्री फोन आला तेव्हा मला वाटलं, एखादा डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं यंत्र, जळाला असेल. मी लाइट्सचा माणूस, माझ्या डोक्यात आधी तेच येणार. पोचलो तेव्हा समोरच्या रस्त्यावर माणसं दाटली होती आणि दर्शनी भिंत जशीच्या तशी उभी होती. पुढून बघणाऱ्याला क्षणभर कळतच नव्हतं की आत काही उरलेलं नाही. फक्त खिडक्यांतून उजेड येत होता. तो रंग मी आयुष्यभर जिलेटिनचे कागद लावून आणायचा प्रयत्न केलाय. हे लिहायला नको होतं कदाचित, पण त्या वेळी मनात खरंच तेच आलं.

शेजारी पडदा ओढणारे आमचे मामा उभे होते. कुणीतरी त्यांना धरलं होतं. ते एकच वाक्य बोलत होते, ‘पडदा खाली सोडूनच घरला गेलो हुतो मी.’ कुणी काही विचारलं नव्हतं, तरी पुन्हा तेच. मग छत बसलं. आवाज मोठा नव्हता, पण भिंतीच्या वरून ठिणग्यांचा लोट उठला आणि सगळी गर्दी एक पाऊल मागे सरली. मामा सरले नाहीत. माझ्या तोंडून निघालं, ‘भिंत तर राहिली, मामा.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘भिंतीवर काम करणार व्हय?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि तुम्ही जे विचारता ते वेगळ्या शब्दांत हेच आहे, हे मला कळतं.

तरीही सांगतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मीच म्हणायचो, हे पाडा, नवं बांधा. लाइट टांगायला हवी तशी जागा मिळेना की चिडायचो. तो मी अगदीच खोटा नव्हतो. पण त्याला वाटायचं, जुनं आहे ते कायम राहणारच आहे, म्हणून खुशाल शिव्या घालाव्यात.

आणि भिंत ठेवणं म्हणजे आळस नव्हे. छत गेलं की तिला आतून आधार देणारं काही उरत नाही. तापलेल्या दगडावर पाणी पडलं की तो तडकतो, चुना ढिला होतो. पाडणं त्याहून सोपं असतं. व्हेनिसचं ला फेनिचे १९९६ साली जळलं, बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. तिथेही ‘जसं होतं, जिथं होतं’ हाच आग्रह धरला गेला आणि २००३ साली ते पुन्हा उघडलं. पॅरिसचं नगरभवन १८७१ मध्ये जळलं. ते बाहेरून जुन्यासारखं उभारलं, आतून मात्र नव्याने सजवलं. मला भीती या दुसऱ्या प्रकाराची आहे. बाहेर शाहू महाराजांचं थिएटर आणि आत कुठल्याही शहरातलं सभागृह.

कारण आमचं जे गेलं ते खुर्च्या-पडदे नव्हेत. माइकशिवाय शेवटच्या रांगेत शब्द पोचायचा, ते गेलं. ते छताच्या लाकडात होतं, उंचीत होतं, भिंतींच्या अंतरात होतं. ते नकाशावरून परत येतं का? मला ठाऊक नाही. येणार नसेल तर नुसती भिंत जपून आम्ही काय मिळवलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. भिंतही गेली असती तर हा प्रश्नसुद्धा कुणी विचारला नसता, एवढंच मी म्हणेन, आणि मामांना हे उत्तर पुरणार नाही हेही मला माहीत आहे.

माझं मागणं साधं आहे. खुर्च्या बसवण्याआधी, सगळे स्पीकर बंद ठेवून, मंचावर एका गायक नटाला उभं करा आणि एक पद म्हणायला सांगा. शेवटच्या रांगेच्या जागी आम्हाला उभं राहू द्या. ऐकू आलं नाही तर तेव्हाच दुरुस्त करा, उद्घाटनाची तारीख पुढे गेली तरी चालेल.