गौरी गेल्या, फळं राहिली

गणपतीला येणाऱ्यांच्या हातात पेढे असतात, नाहीतर फळं. पेढ्यांची काळजी नसते, ते संपतात. फळांचं काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न. भुलेश्वरला आणि सी. पी. टँकच्या नाक्यावर या दिवसांत पाच फळांचे तयार वाटे मांडलेले असतात: सफरचंद, नासपती, पेरू, मोसंबं आणि पाचवं जे त्या दिवशी स्वस्त असेल ते. येणारा प्रत्येक जण असा एक वाटा पिशवीत टाकतो आणि आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत आणून देतो.

आमच्याकडे गौरींबरोबर गणपती जातात. अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर निघतात. चौपाटीवरून रिकामा पाट घेऊन आलो की घर भकास वाटतं वगैरे सगळं खरं, पण माझं लक्ष असतं ते कोपऱ्यातल्या परातीकडे. परातीत चिलटं जमायला लागलेली असतात. सासूबाई प्रसादाचं फळ टाकू देत नाहीत. वाटून वाटणार कोणाला? शेजारच्या प्रत्येक घरात तीच परात आहे.

त्यात सप्टेंबर म्हणजे ऑफिसात टॅक्स ऑडिटचे दिवस. फोर्टमधलं आमचं ऑफिस छोटं, क्लायंट मात्र सगळे 30 तारखेच्या आठवड्यात जागे होणारे. साखरांबा करायचा तर पाकाशी उभं राहावं लागतं. एकतारी, दोनतारी बघत बसायला मला तेव्हा वेळ नसतो. म्हणून गेली काही वर्षं मी ही फळं स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात टाकते. सकाळी अर्धा तास चिरण्यात जातो, बाकी काम कुकर करतो आणि त्याच्यावर नजर ठेवायचं काम आई (म्हणजे सासूबाई) करतात. त्या त्याला ‘विजेचं मडकं’ म्हणतात.

हे मडकं मूळचं आमचं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा लंडनची नोकरी सोडून परत आला तेव्हा सामानाबरोबर ते आलं. काकूंनी ते माळ्यावर टाकलं होतं. ‘तू काहीतरी करत असतेस, तूच ने,’ म्हणाल्या. साडेतीन लिटरचं, आत चिनीमातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, आणि बटणावर लो, हाय, वॉर्म एवढंच. ब्रिटनमध्ये वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची, त्यामुळे चालायला काही अडचण नाही. फक्त प्लगच्या पिना चपट्या. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून एक धड कन्व्हर्टर आणला. कोणाची मावशी-आत्या अमेरिकेहून असा कुकर आणणार असेल तर तिला वेळीच थांबवा. तिकडे 120 व्होल्ट. तो आपल्या सॉकेटमध्ये तसाच लावला तर जवळपास चौपट वीज खेचेल आणि जळेल. मग त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर घ्या, तो ठेवायला जागा शोधा. गिरगावात जागा कुठाय?

विजेची भीती आईंना होतीच. ‘तास न् तास चालू, बेस्टचं बिल बघ हं.’ हे मडकं हायवर साधारण 200 वॅटचं. अडीच तासांना अर्धा युनिट. बाथरूममधला 2000 वॅटचा गीझर पंधरा मिनिटांत तेवढंच खातो. करंट 1 अँपियरच्याही आत, त्यामुळे आमच्या जुन्या वायरिंगलाही ते झेपतं. तरी घरात कोणी नसताना मी चालू ठेवून जात नाही. चाळ लाकडी जिन्याची आहे.

आईंना ते पटलं वेगळ्याच वाटेने. त्यांच्या माहेरी, गुहागरजवळ, चुलीला वैल होता. पुढे भाताचा जाळ, मागे वैलावर दुधाचं नाहीतर कुळथाच्या कढणाचं भांडं, दुपारपर्यंत कोणी बघायचं नाही. ‘मग हा वैलच की,’ म्हणाल्या, आणि तिथून पुढे ते मडकं घरचं झालं.

खरं तर या यंत्राची जन्मकथाही एका आईच्या गोष्टीतूनच आलेली आहे. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सनला त्याच्या आईने लिथुआनियातल्या लहानपणीचं सांगितलं होतं. शनिवारी साबाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चोलंटचं, म्हणजे मांस-कडधान्यांच्या दाट रश्शाचं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन द्यायचं आणि निवत जाणाऱ्या भट्टीत ते रात्रभर शिजू द्यायचं. त्यावरून त्याने विजेचं भांडं बनवलं, 1940 साली त्याला पेटंट मिळालं. पुढे 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आलं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या रायगडातले शनवार तेली आठवले. घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे, मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू. त्यांच्याकडे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडाला साखर, आणि ताटात फळं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी, भायखळ्याला, मी तो खाल्लेला आहे. फळ, खोबरं आणि पोहे एकमेकांना किती धरून असतात ते तिथे कळलं. खाली जे पोह्यांचं सांगणार आहे ते तिथूनच उचललंय, फक्त माझे पोहे कुरकुरीत.

आता परातीतलं काय मडक्यात जातं आणि काय नाही. खरी अक्कल इथेच लागते, बाकी सगळं झाकण लावण्याचं काम.

नासपती सगळ्यात उपयोगी. कच्ची खायला कोणी तयार नसतं, दाताखाली रवाळ लागते, साल जाड. माझी मुलगी तर तिला ‘प्रसादाचा बटाटा’ म्हणते. पण मंद आचेवर तीच उत्तम. तास-दोन तास शिजूनही फोड उभी राहते आणि आतून पारदर्शक होत जाते. सफरचंद सप्टेंबरात हिमाचल-काश्मीरचं नवं आलेलं असतं, तेही चालतं, पण त्यातलं लाल डेलिशस लवकर पिठाळ होतं म्हणून त्याची साल काढायची नाही आणि फोडी मोठ्या ठेवायच्या. चकचकीत असेल तर कोमट पाण्याने चोळून धुवा, वरचं मेण निघतं. पेरू घट्ट हवा. अर्धा कापून चमच्याने बियांचा गाभा काढायचा. तो टाकायचा मात्र नाही. थोड्या पाण्यात कुस्करून पिठाच्या नव्हे, सोजीच्या चाळणीतून गाळायचा. बिया वर राहतात, खाली दाट गर येतो. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे या गराने रस आपोआप धरतो, कॉर्नफ्लोअरची गरज पडत नाही. अननस कोणी आणला असेल तर लॉटरी. कच्चा अननस दुधात-दह्यात घातला की कडवट होतो, शिजवला की ती खोड जाते, मग वर कस्टर्ड ओतलं तरी चालतं.

आता नकोत ती. मोसंबं शिजवलं की कडू होतं, ते पिळून पिऊन टाका. सीताफळही तापवलं की कडवट होतं, शिवाय बिया कोण काढणार. केळ्याचा काळपट चिखल होतो, त्याची शिकरण करा. चिकू मी एकदाही घातला नाही आणि घालणारही नाही, चिकू फ्रीजमधून काढून नुसता खायचा असतो. डाळिंबाचे दाणे वाढताना वरून, कच्चेच.

प्रमाण माझं असं असतं: चार नासपती, चार-पाच सफरचंदं, तीन पेरू, असेल तर अर्धा अननस. मिळून सव्वा-दीड किलोच्या आसपास फोडी. मडकं निम्म्याच्या वर भरलं पाहिजे, तळाशी थोडंच असेल तर कडेने करपतं. अर्धी वाटी चिरलेला गूळ, एका लिंबाचा रस, दोन इंच दालचिनी, तीन लवंगा, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पेरूचा गाळलेला गर धरून पाणी पाव वाटीच्या वर नको. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात इथे थरथरतो, एवढ्याशा पाण्यात शिजणार कसं? शिजतं. गुळाने फळांना पाणी सुटतं आणि झाकणामुळे त्यातलं जवळपास काहीच उडून जात नाही. उलट शेवटी पाणी जास्तच वाटतं.

नासपती तळाला आणि कडेने लावायची, कारण या भांड्यात ऊब बाजूंनी आणि खालून येते. त्यावर पेरू, अननस, सगळ्यात वर सफरचंद. झाकण लावा आणि हायवर अडीच तास, किंवा लोवर चार-साडेचार. शेवटी दोन्हीकडे उष्णता जवळपास तेवढीच गाठली जाते, लोवर तिथे पोचायला वेळ लागतो एवढंच. मध्ये झाकण काढायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली ऊब परत यायला वीसेक मिनिटं जातात. आईंना हे पटवणं कठीण होतं. आयुष्यभर भाजी उघडून हलवलेला हात स्वस्थ बसत नाही. आता त्या काचेतून बघतात आणि मला ऑफिसात फोन करतात.

‘अगं, रंग आला.’

‘कसला आलाय?’

‘आपल्या जुन्या कांजीवरमच्या काठासारखा. बंद करू?’

‘नको आई, अजून अर्धा तास.’

‘बरं. पण वास जिन्यापर्यंत गेलाय, काकू विचारून गेल्या.’

रंगाचं म्हणाल तर तो पेरूचा. गोव्याकडे पेराद (पेरूची वडी) करतात तेव्हाही पांढऱ्या पेरूचा गर आटता आटता लालसर होतो, तसंच. गुळाने तो आणखी गडद होतो. साखर घातली तर फिका गुलाबी राहतो, दिसायला छान, पण मला गुळाची चव हवी असते.

शेवटी रस पातळ वाटला तर झाकण काढून हायवर अर्धा तास ठेवा. घाई असेल तर नुसता रस छोट्या कढईत काढून गॅसवर आटवा आणि परत ओता. चिनीमातीचं भांडं मात्र गॅसवर ठेवायचं नाही, आणि गरम असताना नळाखाली धरायचं नाही, तडकतं. या मडक्यात पुढे कधी राजमा करावासा वाटला तर तो भिजवून, आधी वेगळ्या पातेल्यात 10 मिनिटं खळखळून उकळून घ्या. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेवर मरत नाही. फळांशी याचा संबंध नाही, पण कुकर घरात आला की माणूस राजम्याकडे वळतोच, म्हणून सांगितलं.

आता पोहे. स्लो कुकरमध्ये वरचा थर कधीच कुरकुरीत होत नाही, वाफेने लगदा होतो. परदेशी पाककृतींत वर केकचं पीठ पसरतात, ते मी खाल्लंय, मऊ ओलसर लागतं, मला नाही आवडत. त्यापेक्षा वेगळं भाजून आयत्या वेळी घालावं. नारळ तर घरात ढीगभर असतात. अर्धी वाटी ओलं खोबरं कढईत मंद आचेवर तांबूस आणि कोरडं होईपर्यंत भाजायचं आणि बाजूला काढायचं. त्याच कढईत दोन चमचे तुपावर वाटीभर पातळ पोहे, बोटांत चुरा होईपर्यंत. पोहे आकसू नयेत म्हणून हलक्या हाताने. गॅस बंद करून दोन चमचे पिठीसाखर, थोडं जायफळ, खोबरं. गार झाल्यावर डब्यात. आणि उरलेले पेढे असतील तर दोन पेढे हाताने मोडून गरम फळांवर टाकायचे. मावा कडेने वितळतो, मधे घट्ट राहतो. यासाठी मी पेढे लपवून ठेवते, हे घरात कोणाला सांगू नका.

कस्टर्ड करायचं तर वेगळं, आणि गार करूनच ओतायचं, कारण गूळ आणि आंबट रस गरम दुधाला फाडतात. आईंचं म्हणणं, दूध आणि फळ एकत्र खाऊ नये, अंगावर उठतं. त्यांनी हे शिकरणीची वाटी हातात धरून सांगितलेलं आहे. त्यामुळे त्यांच्या वाटीत फळं, पोहे आणि वर तुपाची धार. नवऱ्याला कस्टर्ड लागतं. मुलगी आधी पेढा उचलते, मग डाळिंब, मग नाइलाजाने नासपती, आणि ती नासपती आहे हे मी सांगत नाही.

काचेच्या डब्यात फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं. दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर रस आळून जेलीसारखा होतो आणि पोळीशी फार चांगला लागतो. गेल्या वर्षी मी डब्यात नेलं तर ऑफिसातल्या मुलांनी ऑडिटच्या फायलींवर ठेवून संपवलं, एका बॅलन्सशीटवर अजून गुळाचा डाग आहे. काकूंना एक वाटी पाठवावीच लागते, मडकं त्यांचं. त्यांनी निरोप पाठवला की लवंग कमी पडली. यंदा चार घालीन.