अस्वलाचं विचारता, माश्यांचं नाही

"तंबू ठोकून दोघंच जंगलात राहता, अस्वलाची भीती नाही वाटत?" पुण्याहून आत्या विचारते, इथे टोरोंटोत गणपतीच्या जेवणात कोणी ना कोणी विचारतं. वर, "पोरंबाळं असती तर नसते गेलात." त्यावर मी काही बोलणार नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्ही जातो त्या अल्गॉन्क्विन पार्कात, टोरोंटोच्या उत्तरेच्या राखीव जंगलात, काळी अस्वलं आहेत. १९९१ साली ओपिओंगो तळ्यातल्या बेटावर एका जोडप्याला अस्वलाने मारलं, तेही मला ठाऊक आहे. तीसुद्धा दोघंच होती. पण असं फार क्वचित होतं, आणि आम्ही नियम पाळतो. निदान मी असं सगळ्यांना सांगते.

सहा वर्षांपूर्वीचा जून. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना होडी उचलून न्यावी लागते. नवऱ्याने ती डोक्यावर घेतलेली, दोन्ही हात वर अडकलेले. मी मागून पाठपिशवी घेऊन. ब्लॅकफ्लाय म्हणजे चिलटाएवढी माशी. चावताना कळतही नाही. कातडी कापते, वर आलेलं रक्त चाटते आणि उडून जाते. त्याच्या कानामागून एक बारीक ओघळ मानेवर आला, मग दुसरा. केसांच्या कडेला माश्यांची काळी रांग. मला दिसत होतं. थांबून पुसायला दहा सेकंद लागली असती. पण थांबलं की त्या माझ्यावर बसायच्या. मी चालत राहिले. वाट जेमतेम वीस मिनिटांची होती.

रात्री त्याचा डावा डोळा सुजून बंद झालेला. शिधा नियमाप्रमाणे जमिनीपासून चार मीटर वर, झाडाला टांगलेला. मध्यरात्री तंबूच्या कापडाला लागूनच कोणीतरी हुंगत होतं. फुस्, थांबायचं, परत फुस्. तो कुजबुजला, "सगळं वर बांधलंस ना?" मी हो म्हटलं. मग जॅकेटच्या खिशात हात गेला, तर अर्धी चिक्की.

सांगितलं नाही. सांगून काय करणार होतो? चेन उघडून बाहेर फेकणार होतो? तेव्हा स्वतःला हेच समजावलं, आणि आजही यात चूक काय ते नेमकं सापडत नाही. फक्त तो एका डोळ्याने काळोखात बघत होता आणि मी खिसा मुठीत धरून बसले होते, एवढं आठवतं.

ते गेलं. सकाळी पाइनच्या सुयांवर ठसा नव्हता. रॅकूनसारखं लहान जनावरही असेल.

तेव्हापासून दर मुक्कामी झोपण्याआधी तो विचारतो, "खिसे?" मी उलटे करून दाखवते. त्याला हे कुठून सुचलं, मी विचारलेलं नाही.

तर भीती. वाटते, आत्या. यंदा सप्टेंबरात जातोय, तेव्हा ब्लॅकफ्लाय नसतात. त्याला जूनच हवा होता, मूस, ती घोड्याएवढी हरणं, दिसतात म्हणून.